फळ धरेना

शनिवारी संध्याकाळी सगळे जमणार असं ठरलं, तेव्हाच थोरल्या सुनेचे पाय दुखायला लागले. अजून कुणी घराची पायरीही चढलं नव्हतं. पण माळ्यावरून गाद्या काढायच्या, अभ्रे धुवायचे, नणंदेला उशी पातळ लागते आणि धाकट्या दिराला जाड हे लक्षात ठेवायचं, आणि एवढं करून शेवटी बोलणीही आपणच खायची, हा सगळा क्रम तिला तोंडपाठ होता. या घरात बैठक बसली की चहाही तिचा आणि चूकही तिचीच.

विषय एकच होता आणि तो मागच्या अंगणात ऐसपैस पसरला होता. कलिंगडाचा वेल. कपडे वाळत घालायच्या तारेखालून निघून तो पाण्याच्या टाकीपर्यंत पोचला होता, मोरीच्या जाळीवर चढला होता. पानं तर अशी, की बघणाऱ्याने थांबून कौतुक करावं. फक्त फळ नव्हतं.

उन्हाळा तोंडावर आला होता, तेव्हा थोरलीने या घरात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. तिची आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता ती दुसऱ्या गावी आपल्या घरात एकटीच कॉटवर पडून होती. शेजारीण दोन वेळा डबा आणून द्यायची. थोरली एकुलती एक. तिला आईपाशी जायचं होतं, आणि नुसतं भेटून यायचं नव्हतं, राहायचं होतं, आई उठून चालायला लागेपर्यंत. एवढं तिने बोलून टाकलं आणि खोलीतले सगळे आपापल्या हाताच्या नखांकडे बघत बसले. बाबांचं मग कोण करणार, हे कुणी तोंडाने म्हणालं नाही. म्हणायची गरजच नव्हती.

शेवटी बाबा, म्हणजे तिचे सासरेच बोलले. मी धाकट्याकडे जाऊन राहतो, म्हणाले. पण अंगणात बी टोचलंय. पहिलं फळ कापू आणि मग निघू.

बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली होती. दुकान बंद केल्यापासून हातांना काम उरलं नव्हतं आणि रिकामे हात त्यांना सोसत नसत. म्हणून तो वेल. हाती घेतलेलं काम अर्धवट टाकून मी कधी उठलेलो नाही, असं ते म्हणाले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. कलिंगड ते काय, रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेलं असतं. अंगणात एखादं यायला कितीसा वेळ लागणार, असं सगळ्यांनाच वाटलं. थोरलीलाही वाटलं. मनातल्या मनात तिने बॅगसुद्धा भरली.

मग एकेक कळायला लागलं. कलिंगडाला फुलं दोन जातींची. नर फुलं आधी येतात आणि भरमसाट येतात. मादी फुलं मागून येतात आणि मोजकीच, पाठीशी बोराएवढी हिरवी गोळी घेऊन. सकाळी उघडलेलं फूल दुपारपर्यंत मिटतं, आणि तेवढ्यात नराचे पराग मादीपर्यंत पोचले तरच ती गोळी फुगते. नाहीतर पिवळी पडून गळते. हे काम खरं मधमाश्यांचं, पण तिन्ही बाजूंनी उंच भिंती असलेल्या या अंगणासाठी मधमाशी कशाला वाट वाकडी करेल? म्हणून बाबा ते हाताने करत. रोज सकाळी डोळ्याला भिंग लावून, दुकानातल्या बारीक ब्रशाने, घड्याळात तेलाचा थेंब सोडावा तितक्या हलक्या हाताने. आणि तरीही गोळ्या गळत होत्या. अंगण झाडताना त्या केरात यायच्या. थोरली त्या सुपलीत भरून टाकून द्यायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही.

शुक्रवारी आईच्या शेजारणीचा फोन आला. दोन घास खाते आणि ताट सरकवते, म्हणाली. ती तुला बोलवत नाहीये, पण मी बोलावतेय. थोरलीने फोन ठेवला आणि त्याच क्षणी इतके दिवस मनाच्या कोपऱ्यात दडपलेलं समोर येऊन उभं राहिलं. केसाएवढ्या स्प्रिंगा ज्या हातांनी सरळ केल्या, त्या हातांना एक फूल साधत नाही? बाबांना जायचंच नाहीये. मुद्दाम चाललंय हे.

शनिवारी सगळे आले. नणंद आधी, एकटी. ती मुख्याध्यापिका होती आणि घरातसुद्धा वर्गावर आल्यासारखी यायची. वडिलांवर तिचा जीव, त्यात खोट नव्हती. पण ती तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि तिथे लिफ्ट नव्हती, हे ती इतक्या वेळा सांगायची की आता तिने "तिसरा" म्हटलं तरी बाकीचे मान हलवून मोकळे होत. मागून धाकटा दीर आणि धाकटी जाऊ आली. दिराचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याने येताना खताची बाटली आणली होती आणि आल्या आल्या ती वेलाला पाजायला निघाला, तेव्हा बाबांनी त्याला हाताला धरून परत आणलं. खताने पानं वाढतात, फळं नाही, आणि पानं काय कमी आहेत का, असं त्यांनी विचारलं.

जेवणं झाली आणि बैठक बसली. धाकट्याने मातीला दोष दिला, मग पाण्याला, मग बियांच्या कंपनीला. नणंदेने थोरलीला दिला. सरळ नाही, आडून. वडिलांना घराबाहेर काढायला लोकांना मुहूर्त लागतो, आणि आता मुहूर्तही लवकर हवा आहे, असं ती भिंतीवरच्या कॅलेंडरला उद्देशून म्हणाली. धाकटी जाऊ सांगत होती की बाबांची खोली तयारच आहे, फक्त रंगाचा हात अजून एक बाकी आहे, आणि नळही गळतोय, आणि पलंगाचं माप चुकलंय. नोकरी, दोन पोरं आणि आता सासरे. ती धास्तावली होती, आणि ते लपवायची तिची धडपड थोरलीला इतकी स्पष्ट दिसत होती की तिला रागसुद्धा येईना. दमलेल्या माणसाला दमणारं माणूस लांबूनच ओळखू येतं.

थोरला, म्हणजे तिचा नवरा, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पेपर वाचत होता. पेपर सकाळचा होता आणि सकाळीच वाचून झाला होता.

बोलणं फिरून फिरून तिथेच येऊन बसत होतं. आणखी थोडं थांबू. पुढचं फूल बघू. जुना वेल काढून नवं बी टोचू का? नवं बी, हे शब्द कानावर पडले आणि थोरलीच्या आत काहीतरी तुटलं. हातातला ट्रे तिने टेबलावर ठेवला.

"बाबा, तुम्हाला जायचं नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "वेलाच्या आड लपू नका."

पेपर खाली आला. "अगं, काय बोलतेस कळतंय का?" नवरा म्हणाला, पण त्यात रागापेक्षा घाबरणंच जास्त होतं. नणंदेने श्वास असा घेतला की आता ती पुढचा तासभर बोलणार. बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. ते थोरलीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता, आणि तो आपण घालवला हे तिला कळत होतं, पण परत आणायचं बळ तिच्यात नव्हतं.

"सकाळी सगळे अंगणात या," बाबा म्हणाले. "मी काय करतो ते डोळ्यांनी बघा. मग बोला."

सकाळी सगळे अंगणात उभे राहिले. झोप कुणाचीच नीट झालेली नव्हती. नणंद हाताची घडी घालून, धाकटा पायजम्यात, धाकटी चहाचा कप दोन्ही हातांत धरून. थोरली मोरीपाशी टेकून. टाकीच्या बाजूला एक मादी फूल उघडलं होतं, पिवळं, ताजं, पाठीशी टपोरी गोळी. बाबा त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसले. त्यांनी दुकानातली लाकडी पेटी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि पांढरा रुमाल मांडीवर पसरला. काचेच्या छोट्या वाटीचं झाकण काढलं, ब्रश तीत बुडवला, झटकला, रुमालावर टिपला. मग नर फुलावरून फिरवला आणि मादी फुलाकडे नेला. हात जराही हलत नव्हता. बघताना थोरलीच्या मनात आलं, मुद्दाम चुकवणारा माणूस असं काम करत नाही. कालचे शब्द तिला टोचायला लागले.

"पेट्रोलचा वास कुठून येतोय?" धाकटी म्हणाली.

"कसला वास?" नणंद म्हणाली. धाकट्याने नाक वर करून हुंगलं आणि मान हलवली. थोरल्याने रस्त्यावरून एखादी गाडी गेली असेल असं सुचवलं. थोरलीलाही काही वास आला नव्हता. येणार कसा? ती सगळी भावंडं पेट्रोलच्या वासात लहानाची मोठी झाली होती. घड्याळाची चक्रं पेट्रोलमध्ये धुतात. बाबांच्या शर्टाला, हातांना, जेवणाच्या टेबलाला, या घराच्या हवेलाच तो वास होता, आणि लग्न होऊन आल्यावर पहिली काही वर्षं डोकं दुखून दुखून शेवटी थोरलीचं नाकही घरचं झालं होतं. धाकटी मात्र लग्नानंतर लगेच वेगळी राहिली. तिचं नाक अजून शाबूत होतं.

"त्या वाटीतून येतोय," धाकटी म्हणाली.

"ब्रश धुतो त्यात," बाबा म्हणाले. "धुतल्याशिवाय ब्रश कशाला लावायचा?" जेवायच्या आधी हात धुता का, असं विचारल्यासारखं त्यांनी ते सहज सांगितलं. काम सुरू करताना ब्रश बुडवायचा, संपलं की पुन्हा बुडवून ठेवायचा, दुकानात बसल्या दिवसापासून हेच.

मग त्यांनी स्वतःचं बोलणं स्वतःच ऐकलं. ब्रश फुलापासून वीतभर अंतरावर तसाच थांबला.

आपण काय बोलून बसलो हे धाकटीलाही तेव्हाच कळलं. आता फळ धरणार, पिकणार, आणि बाबा पिशवी घेऊन तिच्या दारात येणार. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता तिने. ती चहाच्या कपात बघत राहिली. धाकटा हलक्या आवाजात म्हणाला की पेट्रोलने पराग मरत असणार, आणि गोळीलाही सोसत नसणार. बाबांनी नुसतं "कळलं" म्हटलं. भिंग काढून त्यांनी रुमालात ठेवलं, वाटीचं झाकण लावलं आणि ब्रश पेटीत न ठेवता खाली मातीवर टाकला. हातातली वस्तू त्यांनी अशी टाकलेली थोरलीने कधी पाहिली नव्हती.

"इतकी फुलं मी धुऊन धुऊन मारली," ते म्हणाले.

हसण्यासारखं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर हेच सगळे पोट धरून हसले असते. पण म्हातारा माणूस स्टुलावर बसून आपल्या स्वच्छ हातांकडे बघत होता, आणि कुणालाही हसू आलं नाही.

थोरली त्यांच्यापाशी जाऊन बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि तिने तसं सांगितलं. "रात्री मी बोलले ते चुकलं, बाबा. तुम्ही मुद्दाम करताय असं वाटलं मला."

"मुद्दाम नव्हतं," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "पण गोळी गळाली की वाईट वाटायचं आणि थोडं बरंही वाटायचं. तू अगदीच चुकली नाहीस."

तिलाही ते समजत होतं. तिने हात लांब करून एक नर फूल देठासकट तोडलं. त्याच्या पाकळ्या मागे वळवून काढून टाकल्या. बियांच्या पाकिटावर असंच चित्र होतं, पण बोट लावायचं म्हटलं की बाबांच्या अंगावर काटा यायचा. घड्याळात बोट लागलं की घामाने गंज चढतो, तर फुलाला काय नाही होणार, हा त्यांचा हिशेब. आताही त्यांनी तोंड वाकडं केलं, पण अडवलं नाही. तिने तो पिवळा दांडा मादी फुलाच्या मधोमध टेकवून हलकेच फिरवला. मग दुसरं नर फूल घेऊन, मग तिसरं. तिच्या हाताला बाबांची सफाई नव्हती, पण फुलाला त्याचं काही वाटलं नसावं.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याच्या डोक्यावरून ओझं उतरलं होतं. "आता धरणार म्हणजे धरणार. महिना-सव्वा महिन्यात पिकेल. वहिनी, एवढी कळ काढा."

नणंदेला ते पटलं. इतके दिवस थांबलो, आणखी एक महिना, त्यात काय मोठंसं, असं ती म्हणाली, आणि थोरलीकडे बघून कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मायेने हसली. धाकटीने लगेच होकार भरला, तेवढ्यात खोलीचा रंगही होईल म्हणाली. थोरला म्हणाला की सगळ्यांचं एकमत होतंय हे बरं झालं. खरंच होत होतं. या घरात इतकं छान एकमत कधी झालं नव्हतं.

थोरली अजून वेलापाशीच बसून होती. बोटांना पिवळी भुकटी लागली होती. तिला रडायचं होतं, पण रडायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"आईकडे एवढा वेळ नाही," ती म्हणाली. कुणाला सांगितलं असं नाही, नुसतं म्हणाली. मग शुक्रवारच्या फोनबद्दल तिने सांगितलं, शेजारणीने जसं सांगितलं तसंच, कमी नाही की जास्त नाही. सांगून झाल्यावर सगळे पुन्हा नखांकडे बघायला लागले.

बाबा स्टुलावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

"सूनबाई, तू आज नीघ."

"म्हणजे तुम्ही आजच आमच्याकडे..." धाकटीने वाक्य अर्धंच सोडलं.

"मी कुठेही जात नाही," बाबा म्हणाले. "हे फूल धरतं की नाही ते मला बघायचंय. आणि माझ्या फळाशी तिच्या जाण्याची गाठ मारली, ती माझीच चूक. तेव्हा मला काम दिसत होतं, ती दिसली नाही."

"पण मग इथे तुमचं कोण बघणार?" थोरल्याने विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"तू," बाबा म्हणाले.

सगळ्यांनी वळून थोरल्याकडे बघितलं. तो याच घरात जन्मला होता, याच घरात राहत होता, रोज संध्याकाळी ऑफिसातून इथेच परत येत होता, आणि तरी सगळ्यांनी असं बघितलं जसा काही तो आत्ताच दारातून आत आलाय. माती, पाणी, खत, जिने, नळ, पलंग, सगळ्यांचा विचार करून झाला होता. या माणसाचा विचार एकदाही कुणाच्या डोक्यात आला नव्हता. त्याच्या स्वतःच्याही नाही.

"मी?" तो म्हणाला. "मला ऑफिस असतं."

"मलाही दुकान होतं. मी सकाळी कुठल्या गोळ्या घेतो?"

थोरल्याने बायकोकडे बघितलं.

"तिच्याकडे बघू नकोस," बाबा म्हणाले. "मलाही ठाऊक नाही, ती हातावर ठेवते आणि मी गिळतो. दोघं मिळून शिकू."

धाकटी आत गेली. थोरली खोलीत आली तेव्हा जावेने माळ्यावरून बॅग काढून, पुसून, पलंगावर उघडून ठेवली होती. धाकटी साड्यांच्या घड्या करून देत होती, थोरली भरत होती.

भरता भरता थोरलीला लागलं ते हेच, की नवऱ्याचं नाव आपल्यालाही सुचलं नाही. इतके महिने ती फुलं मोजत बसली, दिरावर चिडली, सासऱ्यांवर नको तो आळ घेतला, रात्रीची जागली. आणि जो माणूस शेजारी घोरत होता, त्याला उठवून "आता तुम्ही करा" एवढं म्हणावं, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. राग कुणाचा करायचा हे तिला कळेना. करायची ताकदही नव्हती.

दाराशी नवरा आला. तो दोनदा घसा खाकरून म्हणाला की तिकीट काढून देतो, स्टँडवर सोडतो. मग म्हणाला, "अगं, ती बाबांची सकाळची..." आणि तेवढ्यात अंगणातून बाबांनी त्याला हाक मारली, पाण्याची झारी घेऊन ये म्हणून. तो क्षणभर घुटमळला आणि गेला. झारी त्याने दोन ठिकाणी शोधली, मग कुठे असते ते भावाला विचारलं. थोरलीला आत बसून सगळं ऐकू येत होतं. ती उठली नाही.

बॅग घेऊन ती पुढच्या दाराच्या पायरीवर येऊन थांबली. नवरा गाडी काढेपर्यंत तिने आईला फोन लावला. खूप वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. आवाज बारीक झाला होता, लांबून आल्यासारखा.

"आई, मी निघाले. संध्याकाळी पोचते."

"येतेस?" आई म्हणाली. आणि मग, नेहमीसारखंच, "परत कधी जायचंय?"

या प्रश्नाचं उत्तर थोरलीकडे इतकी वर्षं तयार असायचं, वारासकट, गाडीच्या वेळेसकट.

"ठरवलं नाही," ती म्हणाली, आणि पायरीवर खाली बसून, बॅग मांडीवर घेऊन, भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत पोटभर रडली. पलीकडून आई काही विचारत नव्हती, नुसती "हं, हं" म्हणत होती.